साळिंदरतात्या आणि एकवीस सूत्रे

एका जंगलात, मुलांनो, बातम्या रोज संध्याकाळी सात वाजता घडत असत. दिवसभरात जे काही व्हायचे, ते नुसते व्हायचे. सातला टिटवीने ते ओरडून सांगितले, की मग ती बातमी.

ढोलीढोलीत आणि बिळाबिळात टीव्ही होता. त्याला वीज कुठून येत होती, असे विचारू नका. साळिंदरतात्यांनी एकदा विचारले होते. उत्तर मिळाले नाही, पण पुढचा महिनाभर वीज जाणार म्हणून सगळे जंगल घाबरून होते.

हे तात्या टीव्हीवरच कामाला होते. पडद्यावर नव्हे, पडद्यावर टिटवी असे. तात्या मागच्या खोलीत बसत. टिटवीला सातला जे ठासून सांगायचे असे, ते खरे आहे की नाही, हे सहापर्यंत पाहून ठेवणे हे त्यांचे काम. त्याला तिथे रिसर्च म्हणत.

तात्या फार शिकलेले होते. दोन विषयांत एम.ए., शिवाय पीएच.डी. वारुळांची दारे कोणत्या दिशेला असतात, यावर त्यांचा सहाशे पानांचा प्रबंध होता. शेवटच्या पानावर निष्कर्ष होता: या विषयात आणखी संशोधनाची गरज आहे. तेव्हापासून सगळे त्यांना डॉक्टर म्हणू लागले, आणि अधूनमधून कोणीतरी पोट दुखते म्हणून जीभ दाखवायला येऊ लागले. तात्या जीभ पाहत आणि म्हणत, "ठीक वाटतेय. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका."

त्या वर्षी वैशाख कडक होता. जंगलात पाण्याच्या दोनच जागा उरल्या होत्या. एक तळे, ते सगळ्यांचे. दुसरा खडकांपलीकडचा डोह, तो मगरमावशीचा. डोहावर कोणी जात नसे. पूर्वी काही जण गेले होते, पण त्यांचा अनुभव विचारण्याची सोय नव्हती.

एके दिवशी सकाळी संपादक भाऊसाहेब रानडुक्कर मुसंडी मारून तात्यांच्या खोलीत शिरले.

"तात्या, तळ्यात विष आहे म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"म्हणतात हो! एक मासा मेलेला दिसलाय, पोट वर करून. सातला घ्यायचंय. खालच्या पट्टीत 'विष' लिहूनसुद्धा झालंय, लाल अक्षरांत."

"पण खातरजमा..."

"तीच करा की! तुम्हाला ठेवलंय कशाला?"

तात्या वही घेऊन निघाले. त्यांच्या पद्धतीनुसार पहिली पायरी होती सूत्रांकडे चौकशी. सूत्र म्हणजे, मुलांनो, ज्याचे नाव सांगायचे नसते असा शेजारी.

तात्यांच्या शेजारी भेकरवहिनी राहत. त्यांना दोन पाडसे होती. वहिनी त्यांची अंगे चाटून साफ करत होत्या.

"वहिनी, एक विचारू का? म्हणजे मी तसं म्हणत नाही हं. पण तळ्यात विष आहे, असं काही तुमच्या कानावर आलंय?"

"अगंबाई! नाही हो तात्या. का?"

"काही नाही. नसेलच बहुधा."

तात्यांनी वहीत लिहिले: भेकर, नाही. मग ते सशाकडे गेले. ससाही नाही म्हणाला. माकड नाही म्हणाले, उदमांजर नाही म्हणाले. असे सहा जण झाले. दुसरे कोणी असते तर इथे थांबले असते. पण सहा हा आकडा तात्यांना फार लहान वाटला. सहाशे पाने लिहिलेल्याला सहा पुरत नाहीत.

दुपारी ते रानकोंबडीकडे गेले.

"तळ्यात विष? ऐकलं ना! सकाळपासून तेच चाललंय."

गवा म्हणाला, "पक्की खबर आहे." मुंगसाने तर आपल्या चुलतभावाच्या तोंडाला फेस आल्याचे सांगितले.

"कुठे आहे तो?" तात्यांनी पेन सरसावून विचारले.

"तो पलीकडच्या जंगलात असतो."

तीन वाजेपर्यंत पंधरा जणांनी हो म्हटले होते. तात्या घामाघूम होऊन भाऊसाहेबांपुढे उभे राहिले.

"पंधरा?" भाऊसाहेबांचे सुळे आनंदाने चमकले. "अहो, आम्ही अर्ध्या सूत्रावर चालवतो!"

"पण सकाळच्या सहांनी नाही म्हटलं होतं."

"मग त्यांना परत विचारा."

तात्यांनी परत विचारले. आता तेही हो म्हणाले. अशी एकवीस सूत्रे झाली. टीव्हीच्या इतिहासात एवढी सूत्रे कोणी जमवली नव्हती. शिपाई घोरपडसुद्धा उठून उभी राहिली.

तात्यांना मात्र बरे वाटेना. सकाळी नसलेले विष दुपारी कुठून आले? ते प्रत्येकाला विचारत सुटले, तुला हे कोणाकडून कळले? गव्याला रानकोंबडीकडून, रानकोंबडीला माकडाकडून, माकडाला सशाकडून. प्रत्येक उत्तरासाठी तात्यांनी वहीत एक बाण काढला. सगळ्यांत शेवटी ते पुन्हा भेकरवहिनींच्या दारात आले.

"वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे काय? तुम्हीच नाही का सकाळी येऊन सांगून गेलात!"

"मी सांगितलं नाही हो. मी विचारलं."

"तेच ते. एवढे शिकलेले तुम्ही, उगीच कशाला विचाराल?"

तात्यांनी शेवटचा बाण काढला. एकवीस बाण एकाच वर्तुळाकडे जात होते, आणि वर्तुळात ते स्वतः होते. आयुष्यात त्यांना इतका स्वच्छ निष्कर्ष पहिल्यांदाच मिळाला होता.

मग ते तळ्यावर गेले. स्वतः जाऊन पाहावे, ही पायरी त्यांच्या पद्धतीत तेराव्या क्रमांकावर होती. काठावर बगळा एका पायावर उभा होता.

"तो मासा होय?" बगळा म्हणाला. "म्हातारा होता हो. वयानं गेला. मी रोज इथेच असतो, सकाळीच आला असतात तर सांगितलं असतं."

तात्या घोटभर पाणी प्यायले. त्यांनी अर्धा तास बसून स्वतःची नाडी मोजली. काही झाले नाही.

साडेसहाला त्यांनी टिटवीसाठी टिपण लिहिले: "तळ्याचे पाणी स्वच्छ आहे. अफवा माझ्या चौकशीमुळे पसरली." ही दोन वाक्ये त्यांना फार उघडी वाटली. एक बगळा आणि एक घोट, एवढ्या पुराव्यावर 'आहे' कसे म्हणायचे? त्यांनी 'आहे' खोडून 'असावे' केले. सुरुवातीला 'आजवरच्या माहितीनुसार' घातले. मध्ये 'बहुधा' घातले. दुसरे वाक्य तळटीपेत टाकले. मग त्यांना थोडे बरे वाटले.

टिटवी तळटीप वाचत नसे.

"तळ्याचं पाणी बहुधा स्वच्छ!" सातला ती ओरडली. "बहुधा? तुम्ही तुमच्या पिल्लांना बहुधा पाणी पाजणार का? जंगल उत्तर मागतंय!"

खाली पट्टी धावत होती: एकवीस सूत्रांचा दुजोरा. चर्चेला बसलेले गवा आणि माकड एकाच वेळी बोलत होते आणि दोघांचे म्हणणे एकच होते. काचेमागून तात्या दोन्ही हात हलवत होते.

"तात्या, खाली बसा," कॅमेऱ्यावरचे वटवाघूळ म्हणाले. "सावली पडतेय."

साडेसातपर्यंत जंगलाचा निर्णय झाला. उद्या उजाडताच सगळ्यांनी डोहावर जायचे. मगरमावशी एक आहे, आपण शंभर. पाडसांचे घसे कोरडे पडले होते, म्हणून भेकरवहिनींनी रांगेत पुढचा नंबर लावला.

आता पाहा, मुलांनो, तात्या किती चोख होते. चर्चेत मगरमावशीचे नाव चार वेळा आले होते, आणि तिची बाजू कोणी विचारली नव्हती. हे तात्यांच्या तत्त्वात बसणारे नव्हते. ते वही घेऊन तडक डोहावर गेले आणि सुरक्षित अंतरावरून खाकरले.

"मावशी, उद्या सगळे इकडे पाण्याला येणार अशी चर्चा आहे. आपली प्रतिक्रिया?"

मगरमावशीने एक डोळा उघडला. "नुसती चर्चा की खरंच?"

"खरंच. म्हणजे, माझ्या माहितीप्रमाणे."

"कोण कोण?"

तात्यांनी यादी वाचून दाखवली.

"लहान मुलंही आहेत का रे?"

"भेकरवहिनींची दोन. ती पुढे असतील."

"किती वाजता?"

"उजाडताना."

"बरं केलंस बाबा सांगितलंस. नाहीतर मी उठते उशिरा." मावशीने दुसराही डोळा उघडला. "लिही माझी प्रतिक्रिया. सर्वांचं स्वागत आहे."

तात्यांनी ते शब्दशः लिहून घेतले, वाचून दाखवले, आणि घराकडे वळले. अर्ध्या वाटेत त्यांचे पाय थांबले. आपण काय करून बसलो, हे त्यांना तेव्हा कळले.

डोहाकडे जाणारी वाट एके ठिकाणी दोन खडकांमधून जाते. एका वेळी एकच जण जाईल इतकी अरुंद. उजाडले तेव्हा तात्या त्या फटीत उभे होते. समोरून सगळे जंगल आले.

"परत फिरा!" तात्या म्हणाले. "तळ्याचं पाणी चांगलं आहे. मी प्यायलोय. ही अफवा माझ्यामुळेच पसरली."

"तात्या, तुमचा स्वभावच असा," भेकरवहिनी मायेने म्हणाल्या. "गेल्या साली वणवा लागला, तेव्हाही माझ्यामुळे लागला म्हणत होतात. उगीच मनाला लावून घेऊ नका. सरा बाजूला."

"अहो, खरंच!"

"टीव्हीवर सांगितलंय," माकड म्हणाले.

"ते मीच लिहून दिलं होतं!"

"मग तर खरंच असणार. तुम्ही विचारल्याशिवाय लिहिता का कधी?"

तात्यांनी वही उघडली आणि बाण समजावायला घेतले. सहाव्या बाणाला गवा म्हणाला, "डॉक्टर, तुमचे बाण नंतर बघू. इथे जीभ टाळूला चिकटलीये." मागून रेटा आला.

तात्यांनी वळून डोहाकडे पाहिले. पाण्यावर, अगदी काठाला लागून, दोन गोल दगड दिसत होते. काल संध्याकाळी ते तिथे नव्हते.

धाकटे पाडस वहिनींच्या पायांखालून पुढे सरकले.

तात्यांनी वही खाली टाकली. पाठ फिरवली. अंगावरचा एकूण एक काटा उभा केला, आणि ते फटीत बसले.

"तात्या, हे काय?"

तात्यांनी दोन्ही पाय जमिनीत रोवले.

"अहो, कारण तरी सांगा!"

कारणे सांगून झाली होती. पाडसाने नाक पुढे केले, ते काट्याला टोचले, आणि ते केविलवाणे ओरडले. तात्यांचे काटे मात्र खाली आले नाहीत.

मग सगळे खूप बोलले. म्हातारचळ लागला म्हणाले. शिकून वाया गेला म्हणाले. मगरीकडून काय मिळाले ते सांग म्हणाले. प्रत्येक आरोप तात्यांना थोडाथोडा पटत होता. तरी ते बसून राहिले.

ऊन वर आले. बाराच्या सुमारास गवा वळला. तळे जवळ होते, आणि तहान इतकी होती की विष तर विष. त्याच्यामागे सगळे गेले. टिटवीने कॅमेरा लावून सहापर्यंत वाट पाहिली, पण कोणी मेले नाही.

म्हणून सातला वेगळी बातमी घडली. तहानलेल्यांची वाट अडवली! एका डॉक्टरची दादागिरी! पाहुणी म्हणून मगरमावशी आली होती.

"मी तर पहाटेपासून वाट बघत होते," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आलेल्या पाहुण्यांना कोणी असं दारातून परत पाठवतं का?"

भाऊसाहेबांनी तात्यांना बोलावून घेतले. "तुमचं नाव बातमीत आलं, तात्या. ज्याची बातमी होते त्याला रिसर्चला ठेवता येत नाही. आमचीही काही तत्त्वं आहेत."

तात्यांना हे तत्त्व योग्यच वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेकरवहिनी धाकट्या पाडसाला पुढे ढकलत तात्यांच्या दारात आल्या.

"बघा! बघा काय केलंत माझ्या लेकराच्या नाकाचं!"

तात्यांनी चष्मा पुसला आणि पाहिले. नाकावर एक बारीकसे भोक होते. बाकी नाक काळे होते, ओले होते, सारखे हलत होते. नाकाच्या मागे सगळे पाडस शाबूत होते.

"चुकलं माझं, वहिनी."

"चुकलं तर आहेच! असं पुन्हा कराल?"

"हो," तात्या म्हणाले.

वहिनी पाडसाला घेऊन ताडताड निघून गेल्या. अजून त्या तात्यांशी बोलत नाहीत. रोज संध्याकाळी पाडसांना तळ्यावर नेताना तात्यांच्या दारावरून जातात आणि तोंड फिरवतात.

तात्या दारात बसून पाडसे मोजतात. दोन. मग पुन्हा मोजतात, कारण एकदा मोजून त्यांचे समाधान होत नाही.

तात्पर्य: मुलांनो, भरपूर शिकावे, पण खरे सांगून कोणाला वाचवायला जाऊ नये. एखादी अरुंद जागा पाहून बसावे आणि टोचावे.