ठमीच्या हळदीची फाइल

मृणालीच्या हळदीला मांडव भरला, आणि धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गाणाऱ्या नीराबाई तिसऱ्या कडव्याशी अडल्या. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. धवला पुरा झाल्याशिवाय नवरीला हळद लागणार नव्हती.

"परेश, तुज्या डब्यान हाय ना माजा धवला? काढ बेगीन!"

परेश त्यांचा भाचा. कॉलेजात असताना त्याने आत्याचे धवले टाइप करून ठेवले होते. त्या जुन्या फायली वाचायला त्याने तळहाताएवढ्या संगणकासाठी नुकताच एक प्रोग्राम लिहिला होता. फाइल निवडायची चौकट उघडली. पण ती बेतली होती घरच्या मोठ्या पडद्याच्या मापाने. इथे नावं तेवढी दिसली आणि 'उघडा' हे बटण पडद्याबाहेर राहिलं. एंटर दाबून फाइल उघडायची सोय त्याने 'नंतर करू' म्हणून सोडली होती.

"आत्या, बटण खाली गेलंय."

"मंग वाकून उचल ना!"

मांडव हसला. परेश घाम पुसत प्रोग्रामच्या ओळी चाळू लागला.

"नावं तरी वाच."

"राही, रंगू, अमिषा, ठमी..." ज्या नवरीसाठी धवला गायला, तिचंच नाव फाइलला; आत्या गाणी तशीच ओळखायची.

"ठमी! हलदीचा तोच," नीराबाई उजळल्या. "भरतीचं पानी मांडवान शिरलं. आमी नवरीला पाटासकट मिठाच्या राशीवर नेऊन बसवली!"

"आनि सासू वरडली, सून खारवून देताव काय!" मागून कोणीतरी भर घातली.

ती मिठागरं होती तिथे आता बंदराचे कंटेनर रचलेले होते. क्षणभर सगळ्या म्हाताऱ्या त्याच दिशेला पाहत राहिल्या.

"आजी, वाटीतली हळद सुकली," मृणाली कळवळली.

एवढ्यात परेशने चौकटीच्या उंचीचा आकडा बदलला, बटण वर सरकलं, फाइल उघडली. दोन कडवी होती. त्यांच्याखाली त्याच्याच घाईतली एक ओळ. ती त्याने हळूच वाचली.

"'एसटी आली. पुढचं आत्याला पाठ आहे.'"

आता आपली धडगत नाही, असं परेशला वाटलं.

"आसं लिवलंय डब्यान?" नीराबाईंनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. एकही अक्षर वाचता येत नसूनही दोनदा पाहिलं. "कांपुटरान लिवलंय म्हंजे येतच आसंल मना."

त्यांनी पदर सारखा केला, डोळे मिटले, आणि तिसरं कडवं उचललं.