भावपूर्ण आभार

महादेवराव बायपास करून घरी आले आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांचा स्वतःचा मात्र दाराकडे लागलेला होता. दवाखान्यात सारी मानेवाडा वस्ती येऊन गेली, पण रामटेकचा धाकटा भाऊ नत्थूजी काही फिरकला नाही. शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका आंब्याच्या झाडावरून दोघांत कित्येक वर्षं अबोला होता. "नाही आला तं नाही आला," असं महादेवराव येताजाता म्हणत. त्याचा अर्थ काय, ते त्यांच्या बायकोला, देवकीबाईंना, बरोबर कळत होतं.

ज्यांनी धावपळ केली त्यांचे आभार नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडून मानायचे नाहीत, असं सुनेनं, हिमानीनं ठरवलं. तिनं कॉम्प्युटरवर कार्डं बनवली. मध्ये सासऱ्यांचा हसरा फोटो, भोवती झेंडूच्या फुलांची महिरप, वर ठळक अक्षरात 'भावपूर्ण आभार'. खाली प्रत्येकासाठी वेगळा मजकूर. मागच्या गल्लीतले आनंदराव ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत स्ट्रेचरसोबत गेले होते, म्हणून त्यांना लिहिलं, 'शेवटच्या क्षणापर्यंत तुम्ही बाबांसोबत होता.' तिच्या नवऱ्यानं, दुर्गेशनं, मोबाइलमधून मान वर न काढता "मस्त" म्हटलं आणि कार्डं कुरियरनं रवाना झाली.

दोन दिवसांनी सकाळीच आनंदराव गळ्यात पांढरा दुपट्टा टाकून हजर. मागे त्यांची बायको सरिता, हातात वरण-भाताचा डबा. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, एवढी रीत तिला ठाऊक होती. दार महादेवरावांनीच उघडलं.

आनंदराव दोन पावलं मागे सरकले. "महादेवराव... तुम्ही?"

"मंग कोण? घर माह्यंच हाय ना!"

"पण तो फोटो... ते फुलं..."

सरितानं डबा पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. महादेवरावांनी तो घेऊन टाकला. घरचं अळणी खाऊन ते पार टेकीला आले होते.

दुपारी कोराडीहून त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांची गाडी भरून आली. एकानं उंबऱ्यातच हंबरडा फोडला. "असा देवमाणूस पुन्हा होणार नाही!" देवमाणसानंच त्याला पाठीवर थोपटून पाणी पाजलं. हिमानी स्वयंपाकघरात तोंड लपवून बसली.

"आई, बाबा मले घरात ठेवतीन का आता?"

"चूप वं! त्याईचा चेहरा पाह्य जरा. इतकी तारीफ जिंदगीत आयकली नाही त्याईनं. चहा टाक."

संध्याकाळी दारात ऑटो थांबला. हातात कार्ड घेऊन नत्थूजी उतरले. डोळ्यांना धारा लागलेल्या, त्यामुळे समोर कोण बसलंय ते दिसतच नव्हतं. ते सरळ देवकीबाईंच्या पायाशी कोसळले.

"वहिनी, मी करंटा! दादासंगं शेवटचं बोललोबी नाही. ते झाड तुम्ही घ्या, सारा धुरा घ्या!"

"घेतलं," सोफ्यावरून आवाज आला. "चार लोकं आयकून राहिले बरं."

नत्थूजींनी मान वर केली. आधी किंचाळले, मग भावाच्या गळ्यात पडले.

"हळू गा, टाके हायेत!" महादेवराव ओरडले, पण मिठी काही त्यांनी सोडली नाही. बऱ्याच वेळानं त्यांना आठवलं. "पण तुले कार्ड काहून आलं? तू तं दवाखान्यात आलाच नाही."

हिमानी हळूच दारात आली. "बाबा, तुमी ॲडमिट होते तोवर काका मले रोज फोन करत होते. दादाले सांगू नको म्हणत."

महादेवरावांनी डोळे पुसले आणि ते कोणापासून लपवलंही नाही. छातीवरचं ओझं डॉक्टरांनी काढलं असं सगळे म्हणत होते. ते आत्ता उतरलं.

हिमानीला धीर आला. "बाबा, नवीन कार्ड करते. फुलं नाही, फोटो नाही. 'बाबांची तब्येत एकदम ठीक आहे', एवढंच."

"कर, कर. साऱ्याईले पाठव." महादेवरावांनी देवकीबाई आत गेल्याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला. "पारशिवनीच्या माह्या साळ्याले मात्र पहिलंवालंच जाऊ दे. तोबी लय दिवसाचा रुसून हाय."