शिवेवरचे अमृतराव गुरुजी

सकाळी अमृतराव गुरुजींनी ओसरीवरून नेहमीसारखी हाक दिली, "सरिता, सेनगाव तालुक्यात चहा टाक अन् हिंगोली तालुक्यात आणून दे!"

नांदेडहून माहेरी आलेल्या सरिताने कपाळाला हात लावला. हा विनोद ती कॉलेजात असल्यापासून ऐकत होती. गुरुजींनी शेतात हौसेने घर बांधलं आणि मोजणी मागवली नंतर. मोजणीवाला येऊन गेला तेव्हा कळलं, की दोन गावांची, म्हणजे दोन तालुक्यांची, शीव बरोबर मधल्या खोलीतून जाते. स्वयंपाकघर टेंभुळवाडीत, ओसरी खैरगव्हाणात. नळ मागितला की टेंभुळवाडी म्हणे, ओसरीकडून घ्या. दिवा मागितला की खैरगव्हाण म्हणे, चुलीकडून घ्या. गुरुजी मात्र दोन्ही गावांचे अर्ज फुकटात लिहून देत.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. मधल्या खोलीतल्या बाजेवर गुरुजी झोपेतच गेले होते.

सरिताच्या चुलतभावाने, भीमराजने, डोळे पुसत टेंभुळवाडीच्या सरपंचाला, वैजनाथला, फोन लावला. स्मशानशेड हवा होता.

"लई वाईट झालं," वैजनाथ म्हणाला. "पर घर कुठं आमचं हाय? चूल तेवढी आमची. खैरगव्हाणाला विचारा."

खैरगव्हाणाचे सरपंच प्रेमानंद थेट मुद्द्यावर आले. "ओसरीवर गेले का?"

"न्हाई, मधल्या खोलीत."

"डोकं कुनीकडं व्हतं?"

भीमराजने आत डोकावून पाहिलं. "तुमच्याकडं."

"अन् पाय?"

"सेनगावात."

"मंग चालत तर तिकडूनच आले ना!"

सरिताने फोन काढून घेतला. "राहू दे दादा. आपल्याच बांधावर अग्नी देऊ."

"कोन्या तालुक्यातल्या बांधावर?" भीमराजने विचारलं. त्या घरात सवयच तशी होती.

ऊन चढलं तसा रस्ता माणसांनी भरला. कुणाची पेन्शन गुरुजींच्या अर्जाने सुरू झालेली, कुणाची विहीर. साखऱ्याहून, डोंगरकड्याहून जीप भरभरून जुने विद्यार्थी आले. एवढी गर्दी, त्यात निवडणूक तोंडावर. दोन्ही सरपंच दोन बाजूंनी हार घेऊन हजर झाले.

"गुरुजी आमचे," वैजनाथ म्हणाला. "त्यांची चूल आमच्याकडं पेटायची. लाकडं रचून ठिवलीत."

"अन् उठबस कुठं व्हती? आमच्या ओसरीवर!" प्रेमानंद म्हणाले. "शेड धुऊन घेतलाय आमी."

बुद्धवंदना, त्रिसरण झालं, तिरडी उठली. फाटकाबाहेर पुढचे, टेंभुळवाडीचे खांदे उजवीकडे वळले आणि मागचे, खैरगव्हाणाचे डावीकडे. तिरडी जागच्या जागी गरकन फिरली. मागचे पुढे आले, पुढचे मागे गेले आणि दोघांनाही आता नक्की कुठे ओढायचं ते कळेना.

"आरं, जित्तेपनी एक नळ दिला न्हाई," शेजारची भिकाबाई कडाडली, "अन् आता काहून वढून राहिले?"

"खाली ठेवा," सरिता म्हणाली.

तिचा आवाज आजवर कुणी चढलेला ऐकला नव्हता. तिरडी खाली आली. वैजनाथ काही बोलायला गेला, तिने हातानेच थांबवलं.

"कोन्या गावाचे हायत ते मी सांगते. माझे हायत. माझ्या बांधावर चालले." पदर खोचून ती पुढच्या खांद्याच्या जागी जाऊन उभी राहिली. मग खाली वाकली, आणि दोन्ही तालुक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, तुमी मला लई आवडता."