शीत हवामान विभागातली एकमेव प्रवेशिका

नागपुरात थंड हवामानाची बाग फुलवायची, असा ठराव आमच्या सोसायटीने फेब्रुवारीच्या सभेत एकमताने मंजूर केला. सोसायटी नंदनवन नावाच्या वस्तीत आहे, आणि तिथे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, हे सभेला पूर्ण ठाऊक होतं. तरी कोणी हरकत घेतली नाही, कारण सभेनंतर आलुबोंडे होते. ठराव मांडणारा सचिव मी.

त्याचं असं झालं. शहरातल्या एका पुष्पप्रेमी संस्थेने बागांची स्पर्धा जाहीर केली. पत्रकात तीन विभाग होते: उष्ण, समशीतोष्ण आणि शीत. पत्रक बहुधा कुठल्या तरी थंड गावच्या संस्थेचं जसंच्या तसं उतरवून घेतलं असावं. उष्ण विभागात अख्खं नागपूर उतरणार, हे उघड होतं. शीत विभागात कोण उतरणार? मी हयात सरकारी कचेरीत घालवलेला माणूस आहे. जिथे दुसरा अर्ज नसतो तिथे आपला अर्ज सर्वोत्तम ठरतो, एवढं मला कळतं. बागेतलं मात्र काही कळत नाही. आमच्या घरची तुळससुद्धा मला जरा टाळूनच असते.

शीत विभागाची अट एकच होती: उंच, पांढरी डेलिली. हे झाड दिसायला लिलीसारखं, पण त्याचं प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं. सकाळी उमलतं आणि रात्री मिटतं ते कायमचं. वाण ठरवायला आम्ही निवड उपसमिती नेमली. तीत मी होतो आणि रंगाचं दुकान असलेले गणपतराव होते. डोंगरावरच्या एका नर्सरीचा कॅटलॉग मागवला. गणपतराव दुकानातलं शेड कार्ड घेऊन आले आणि एकेका फोटोला लावून बघू लागले.

"मुकुंदराव, याच्यातली एकबी पांढरी नाही," ते म्हणाले. "हे क्रीम हाय. हे हस्तिदंती. अन् हे तं मलईच हाय."

"पत्रकात पांढरी लिहिलंय."

"पण देवानं क्रीम बनवली, त्याले मी काय करू?"

मी टिपण केलं. पांढरा म्हणजे 'पूर्वतयारीने पाहिल्यास पांढरा वाटणारा' अशी व्याख्या उपसमितीने स्वीकारली. मग 'उंच' म्हणजे किती, यावर दोन बैठका झाल्या. कमरेपर्यंत, यावर एकमत झालं, पण कोणाच्या? गणपतराव ठेंगणे. शेवटी सचिव या नात्याने माझी कंबर प्रमाण मानण्यात आली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या जिजाबाई स्वतःच्या गच्चीतली कुंडी घेऊन खाली आल्या. तीत डेलिलीच होती, चांगली उंच, फूल क्रीम. "हे घ्या नं भाऊ," त्या म्हणाल्या. "किती वर्सांपासून हाय. उन्हातबी मस्त येते." मी त्यांना आभारपूर्वक नकार दिला. जे झाड नागपुरात जगतं ते थंड हवामानाचं कसं म्हणायचं? आम्हाला इथे न जगणारं झाड हवं होतं. कॅटलॉगात 'हिमशिखा' नावाचा वाण होता. हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत झोपल्याशिवाय याला कळी येत नाही, असं त्याखाली छापलं होतं. आम्ही तो एकमताने निवडला.

हिमशिखेच्या कुंड्या आल्या तेव्हा मार्च तापायला लागला होता. झाडाला आधी हिवाळा द्यायचा होता, आणि आमचा हिवाळा तर संपलेला. सोसायटीच्या हॉलमधला मोठा कूलर कुंड्यांवर सोडला. त्याच्या ओल्या हवेने पानं कुजू लागली. म्हणजे एसी हवा. तातडीची सभा बोलावली, तेव्हा असं निदर्शनास आलं की सोसायटीतले सगळे एसी नेमके त्याच आठवड्यात बिघडले आहेत. चालू राहिला फक्त सचिवांचा.

आमच्या घरी एसी एकाच खोलीत आहे. आमची रितिका नोकरीला लागली तेव्हा तिने तो आईसाठी बसवून दिला. 'आईसाठी' हा शब्द तिने माझ्याकडे बघत दोनदा उच्चारला होता. सकाळपासून गॅससमोर भाजून निघाल्यावर सत्यवती, म्हणजे माझी बायको, दुपारी त्या खोलीत तासभर पडते. दिवसातला तेवढाच तास तिचा असतो. साऱ्या कुंड्या मी त्याच खोलीत आणून मांडल्या.

"काहून जी, माह्या खोलीत गमले काहून ठेवून राहिले?" तिने विचारलं.

"तात्पुरतं आहे. सोसायटीच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"सोसायटीची इज्जत दुपारी झोपते का?"

सुरुवातीला ती कुंड्यांच्या मधोमध सतरंजी टाकून पडत असे, आणि माझं त्याला काही म्हणणं नव्हतं. पण एप्रिल लागला आणि सोसायटीत अचानक पुष्पप्रेम उफाळून आलं. ज्यांनी जन्मात मोगरा हुंगला नव्हता, ते भर दुपारी लिलीच्या पाहणीला येऊ लागले. पाहणी उपसमिती नेमावी लागली, आणि तिच्यात सगळी इमारत सदस्य झाली. गणपतराव डोळे मिटून पाहणी करत, कधी कधी घोरतसुद्धा. एवढ्या माणसांनी खोली तापली आणि हिमशिखेने माना टाकल्या.

मी नियमावली काढून दाराला चिकटवली. मानवी शरीर उष्णता उत्सर्जित करत असल्याने पाणी घालण्याखेरीज कोणीही आत थांबू नये. सत्यवतीने ती दारात उभी राहून सावकाश वाचली.

"मीबी मानवी शरीर हाय का?"

"नियमाप्रमाणे, हो."

"अन् तुमी?"

"मी पाणी घालतो."

तिला सवलत दिली असती तर पक्षपात झाला असता. घरच्या माणसालाही नियम लावला, याचा मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला. पाणी घालायला मला रोज दुपारी बराच वेळ लागत असे, कारण ते हळूहळू घालावं लागतं. सत्यवती तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी ओला दुपट्टा अंगावर घेऊन फरशीवर पडलेली असे.

मे महिन्यात एकदा पोळ्या करता करता तिला चक्कर आली आणि ती ओट्याला धरून खाली बसली. मी धावलो. मी तिला पन्हं दिलं, म्हणजे पन्हं कुठे ठेवलंय ते तिला विचारलं, आणि ते तिनेच उठून घेतलं. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. तरी मी तिला त्या खोलीत नेलं नाही, कारण हिमशिखेला कळी आली होती.

कळी मंगळवारी उमलणार, असं दिसत होतं. परीक्षकांचा दौरा बुधवारचा होता. दौरा एक दिवस अलीकडे घ्यावा, अशी मी फोनवर विनंती केली. दौरा ठरलेला आहे, फूलच एक दिवस पुढे ढकला, असं उत्तर मिळालं. मंगळवारी सकाळी फूल उमललं. उंची माझ्या कमरेइतकीच होती. रंग, पूर्वतयारीने पाहूनही, क्रीम होता. रात्री ते मिटलं.

बुधवारी भर दुपारी परीक्षक मधुकरराव आले. उष्ण विभागाच्या बागा बघून त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता. ते खोलीत शिरले, क्षणभर उभे राहिले आणि आमच्या पलंगावर बसले.

"फूल कुठे आहे?"

"काल होतं, साहेब."

"हरकत नाही," ते डोळे मिटून म्हणाले. "हवामान मात्र अस्सल आहे."

पुढच्या साऱ्या बागा त्यांनी फोनवरूनच समाधानकारक ठरवल्या आणि माझ्या उशीला टेकून प्रथम क्रमांकाच्या कागदावर सही केली. तेवढ्यात सत्यवती पन्ह्याचे पेले घेऊन आली. कपाळावरचा घाम पदराने टिपत ती दारातच उभी राहिली.

"वहिनी, दार तेवढं लोटून घ्या," मधुकरराव म्हणाले. "गारवा जातो."

तिने पेले आत सरकवले आणि दार लोटून घेतलं. बाहेरून. आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की दार आतूनही लोटता येतं.

कुंड्या आता गेल्या आहेत. जूनपर्यंतही टिकल्या नाहीत. खोलीत सध्या मी एकटाच बसतो, कारण हे लिखाण करायचं होतं आणि लिहिणाऱ्याला शांतता लागते. झाल्या प्रकाराची मला लाज वाटते, ती मी इथे तपशीलवार नोंदवली आहे. मघाशी चहा सांगितला होता, तो येईलच.

आणि तुम्हीही हे कूलरसमोर किंवा एसीत बसून वाचत असाल, माझ्यावर हसलाही असाल. तुमच्या स्वयंपाकघरात या क्षणी कोण उभं आहे, ते जरा हाक मारून बघा. दार लोटलेलं असेल, तर हाक तिथवर पोचायची नाही.