थांबवलंय, काका!

खर्ड्याच्या शिवारातली रानडुकरं मी सावेडीतल्या माझ्या खुर्चीत बसून पळवणार होते! तसं मी गोरक्षनाथकाकांना छातीठोकपणे सांगितलंही होतं. काका म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, निकिताचे वडील. त्यांच्या मक्याच्या बांधावर मी यंत्र बसवून आले होते. तळहाताएवढा बोर्ड, त्यात माझा प्रोग्रॅम, वर भोंगा. समोर काही हललं, म्हणजे डुक्कर आलं, की भोंगा तीनदा ओरडणार! वीज गेली तरी अडायला नको म्हणून दणकट बॅटरीही दिली होती.

पण भोंगा एकदाच ओरडून गप्प बसायला लागला. डुकरं एकदा दचकायची आणि पुन्हा जेवायला बसायची!

"काका, मी इथूनच दुरुस्त करते," मी फोनवर म्हणाले. "मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा आणि बोर्डाजवळ उभे राहा."

"आन् म्या काय करू?"

"काही नाही. नुसतं उभं राहायचं."

माझ्या लॅपटॉपवर खर्ड्यातला बोर्ड दिसू लागला. चंद्रावर यान उतरवल्यासारखं वाटलं मला! आता चूक शोधायची, तर प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत डोकवावं लागतं. मी तो थांबवला, पण नेमका 'भोंगा चालू' या ओळीनंतर! 'भोंगा बंद' ही ओळ पुढे होती. प्रोग्रॅम गुणी बाळासारखा थांबला. भोंगा कशाला थांबतोय!

"आगं पोरी, थांबीव की त्याला!" काका ओरडले.

"थांबवलंय, काका!"

"मंग वरडतंय कोन?"

मी घाईघाईने 'पुढे चल' दाबलं. काही नाही! कनेक्शनच तुटलं होतं. आवाज सहन होईना म्हणून काका मोबाईल घेऊन पळाले होते, आणि त्यांच्या खिशातून बोर्डाचं इंटरनेटही पळालं होतं!

"काका, बोर्डाजवळ जा!"

"जवळ गेलो का तुझं ऐकू येत न्हाई!"

"ऐकू नका! नुसतं जा!"

ते गेले. ऐकू आलं नाही म्हणून परत आले. "काय म्हनलीस?"

तेवढ्यात, हे निकिताने मला नंतर सांगितलं, म्हशीने दावं तोडलं. शेजारचे मच्छिंद्रभाऊ आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन धावत आले, आणि आग सापडेना म्हणून ती काकांवर ओतली!

"काका, मोबाईल बोर्डापाशी ठेवा आणि तुम्ही लांब पळा!" मी जीव तोडून ओरडले.

या वेळी कळलं त्यांना. कनेक्शन आलं. मी 'पुढे चल' दाबलं. भोंगा बंद! काय शांतता ती! निकिताची आई, छबूकाकू, कानावरचा पदर काढून यंत्राजवळ बघायला आल्या, आणि भोंगा दुसऱ्यांदा ओरडला! म्हणजे चूक दुरुस्त झाली होती! कशी, ते मला विचारू नका. मी आनंदाने टुणकन उडी मारली. काकूंनी त्याच वेळी खुरप्याने वायर तोडली.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीनेच उचलला.

"पोरी, काल डुकरं फिरकलीच न्हाईत! मच्छिंद्र लई खूश हाय. म्हनतो, मला बी पायजे."

"खरंच?" माझी कॉलर ताठ. "किती बोर्ड पाठवू?"

"बोर्ड न्हाई गं! तो ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. भोंगा तेवढा पाठीव."