मावशीकडे जाण्यासाठी योग्य उंची

मनुष्यप्राण्याच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे जमिनीपासून वर वर जाण्याचा इतिहास आहे, हे आता कुणी नाकारत नाही. आधी तो चार पायांवरून दोन पायांवर आला, मग गुहेतून माडीवर गेला, मग त्याने खुर्चीला उंच पाठ लावली आणि बुटाला टाच. (ज्यांना यातलं काहीच परवडलं नाही ते बोलताना हनुवटी वर करतात. तेही चालतं.) या वाटचालीतली सगळ्यात ताजी पायरी म्हणजे मोठ्या टायरांची, मुद्दाम उंच करून घेतलेली, डोंगर चढणारी गाडी. डोंगर त्यात ऐच्छिक आहे.

ही पायरी चढलेल्यांपैकी एक गृहस्थ वजनमापे निरीक्षक होते. दुकानदाराच्या मीटरपट्टीत केसभर फरक सापडला तर पट्टी जप्त करायची, असा त्यांचा लौकिक. घरीही ते मापाचेच. खिडकीचा पडदा जमिनीपासून किती वर असावा यावर त्यांनी एकदा अख्खी संध्याकाळ खर्च केली होती आणि पडदा शेवटी होता तिथेच राहिला होता.

गाडी त्यांनी घेतली ती आईसाठी. आईची धाकटी बहीण, म्हणजे निरीक्षकांची मावशी, टेकडीपलीकडे एकटी राहायची. शेवटचा रस्ता कच्चा, त्यात खड्डे, एक फुटकी मोरी आणि मग दमवणारा चढ. मावशीच्या छातीचं दुखणं वाढलं होतं आणि तिचे डॉक्टर म्हणाले होते, "ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या." डॉक्टर असं बोलतात तेव्हा ते शिष्टाचार म्हणून बोलत नसतात. आईचे गुडघे गेलेले, बसने जाणं शक्य नाही. ती मुलाला एवढंच म्हणाली, "मला एकदा तिच्याकडे ने रे. बाकी काही मागत नाही."

म्हणून त्यांनी चारही चाकं फिरवणारी दणकट गाडी घेतली. प्रेमापोटीच घेतली, याबद्दल शंका नको. या कथेतलं सगळं नुकसान प्रेमापोटीच झालेलं आहे.

दुकानातून आली तशी गाडी त्या रस्त्याने सहज गेली असती. (दूधवाला तिथे रोज जुन्या स्कूटरवर जातो, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून. पण दूधवाल्याला कधी कुणी मार्गदर्शन केलेलं नाही.) निरीक्षकांना मात्र मार्गदर्शन मिळालं. निघण्यापूर्वी हवा भरायला म्हणून ते टायरच्या दुकानात गेले, आणि दुकानामागच्या अंगणात डांबरत्यागी मंडळाची साप्ताहिक सभा चालू होती.

या मंडळाबद्दल जितकं चांगलं बोलावं तितकं कमी. डांबरी रस्त्याचा मोह सोडून रानावनात, दगडधोंड्यांत गाडी घालणाऱ्यांची ही संघटना. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. सभा दर रविवारी सकाळी, सिमेंटच्या अंगणात. अंगणाच्या कोपऱ्यात एक मोठा दगड ठेवलेला असतो. त्यावर गाडीचं पुढचं एक चाक चढवायचं, शेजारी हाताची घडी घालून उभं राहायचं आणि फोटो काढायचा. दगड मंडळाच्या मालकीचा असून तो हलवण्यास मनाई आहे. नियम एकच: गाडी पूर्ण झाल्याशिवाय कुणीही डांबर सोडायचं नाही. या शिस्तीमुळे मंडळाच्या स्थापनेपासून एकही अपघात झालेला नाही. सध्या निम्म्या सभासदांच्या गाड्या अपूर्ण आहेत आणि उरलेल्या निम्म्यांच्या गॅरेजमध्ये.

अध्यक्षांनी निरीक्षकांच्या गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि किडलेली दाढ दिसल्यावर करतात तसा चेहरा केला.

"या टायरवर तुम्ही आईंना नेणार?"

बस्स, एवढंच म्हणाले. पण कुणाचातरी मुलगा असलेल्या कुठल्याही माणसाला एवढं पुरतं. त्याच आठवड्यात मोठे टायर आले.

मोठे टायर बसले आणि वळणावर चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला घासू लागले. आता घासणाऱ्या टायरावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे जुने टायर परत लावणे. तो मंडळात कुणी सुचवल्याची नोंद नाही. दुसरा उपाय म्हणजे सस्पेन्शन लिफ्ट, अर्थात खालच्या स्प्रिंगांची व्यवस्था बदलून गाडीचं सगळं धूड काही इंच वर उचलणे. आता प्रश्न राहिला तो फक्त किती इंच आणि कशाने, आणि या दोन किरकोळ प्रश्नांवर निरीक्षकांचे पुढचे दोन महिने गेले.

मंडळात याबाबत तीन पंथ आहेत. पहिला ठोकळापंथ: आहे त्या स्प्रिंगवर ठोकळा बसवा, दोन इंच मिळतात, संध्याकाळी घरी. हा पंथ स्वस्त आणि सोपा असल्यामुळे त्याला कुणी विचारत नाही. दुसरा स्प्रिंगपंथ: स्प्रिंगही नव्या, धक्के झेलणारे शॉकही नवे. हे लोक गंभीर असतात आणि जेवताना शॉकवर बोलतात. तिसरे संपूर्णवादी. त्यांच्या मते उंची ही एकटी येत नाही. चार इंच वर गेलं की ब्रेकचे पाइप अपुरे पडतात, चाकाला फिरवणारा दांडा तिरका होतो, स्टिअरिंग थरथरतं, म्हणून तेही बदला, आणि ते बदललं की आणखी दोन इंचांना जागा होते. अध्यक्ष संपूर्णवादी होते. त्यांची स्वतःची गाडी सहा इंच वर असून ती गेल्या वर्षापासून कुणी पाहिलेली नव्हती.

या काळात आई रोज विचारायची. "कधी जायचं रे?"

"आधी उंची ठरू दे, आई."

"गाडीची की माझी?"

आईला विनोद सुचत असे तेव्हा ती फार काळजीत असे. निरीक्षकांना हे ठाऊक होतं. पण त्यांच्या हातात तेव्हा कॅटलॉग होता.

अखेर बायकोने प्रकरण हाती घेतलं. तिने आईंना बैठकीच्या खोलीत भिंतीला धरून उभं केलं आणि म्हणाली, "आई, पाय जमेल तेवढा वर घ्या." आईंनी घेतला. तिथे तिने पेन्सिलीने रेघ मारली. मग शिवणकामाच्या टेपने गाडीची पायरी मोजली आणि भिंतीवर दुसरी रेघ मारली. मोठे टायर आल्यापासून दुसरी रेघ पहिलीच्या बरीच वर गेली होती.

"अहो, हे बघा. आत्ताच स्टूल लागतंय. अजून चार इंच चढवलीत तर आईंना शिडी लावावी लागेल."

निरीक्षकांनी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर मापं घेतली त्याने आईचा पाय किती वर जातो हे कधीच मोजलं नव्हतं, आणि ते समोर रेघेत मांडलेलं होतं. मग त्यांनी टेप हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि निर्णय दिला.

"हा टेप प्रमाणित नाही."

आणि तो तपासणीसाठी ऑफिसात घेऊन गेले. (टेप बिनचूक निघाला. त्यावर शिक्का मारून तो सन्मानाने परत करण्यात आला. तोपर्यंत चार इंचांची ऑर्डर गेली होती.)

चार इंचांनी गाडी खरोखर भव्य झाली. तिचे दिवे समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात पडू लागले आणि त्या घराने निरीक्षकांशी बोलणं टाकलं. गाडी इमारतीच्या कमानीखालून आत येईना, म्हणून ती रस्त्यावर उभी राहू लागली. मोठ्या टायरांमुळे गाडी धावते त्याहून कमी वेग मीटरवर दिसू लागला. दुकानदाराकडे असा काटा सापडला असता तर निरीक्षकांनी तो जागेवर जप्त केला असता. स्वतःच्या काट्याकडे ते फरक मनात धरून बघायचे.

फक्त ब्रेकचे लांब पाइप यायचे होते. ते बाहेरून येणार होते. पाइप आले की गाडी पूर्ण, गाडी पूर्ण झाली की मावशी. रविवारी अध्यक्षांनी गाडी हळूच दगडावर घ्यायला लावली. निरीक्षक हाताची घडी घालून उभे राहिले, फोटो उत्तम आला, आणि त्यांनी तो घरी पाठवला.

घरून उत्तर आलं नाही, कारण घरात कुणी नव्हतं. बायकोने त्या सकाळी आईंना आपल्या छोट्या गाडीत घातलं होतं. ही गाडी इतकी ठेंगणी की मंडळात तिला चप्पल म्हणत. आई दार उघडून नुसती खाली बसली, बसल्यावर पाय आत घेतले आणि दोघी निघाल्या. मोरीवर गाडीचं पोट एकदा खरवडलं. आई म्हणाली, "सावकाश गं, माझ्या गुडघ्यांचंही असंच होतं." दुपारच्या जेवणाला त्या मावशीच्या ओट्यावर होत्या.

दोघी बहिणी आधी शेजारी शेजारी बसल्या. नुसता हात हातात. मग मावशीने विचारलं, "तो नाही आला?"

"येतोय मागून," आई म्हणाली. "त्याची गाडी मोठी होतेय."

आई तिथेच राहिली. बायको ये-जा करायची. पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला: "मावशींचं काही खरं नाही. असाल तसे निघा." निरीक्षक धावतपळत गॅरेजमध्ये गेले. गाडी रॅम्पवर चढवलेली, चाकं काढलेली, जुने पाइप सोडलेले आणि नवे वाटेत. त्यांनी शेवटची बस गाठली, पण ती टेकडीच्या अलीकडेच थांबते. उरलेला चढ ते चालले. पोचले तेव्हा ओट्यावर माणसं बसली होती आणि त्यांनी सरकून निरीक्षकांना जागा करून दिली.

पाइप त्यानंतर आले. बैल गेला आणि झोपा केला, असं आपल्यात म्हणतात, पण झोपा, म्हणजे गोठ्याचं दार, अतिशय मजबूत झाला होता हेही मान्य केलं पाहिजे. महिनाअखेरीला निरीक्षक पूर्ण झालेली गाडी घेऊन आईला आणायला निघाले. खड्डे जाणवले नाहीत. मोरी कधी गेली कळलंही नाही. चढावर गाडीने हूं का चूं केलं नाही. मावशीच्या दाराला कुलूप होतं आणि आई पायरीवर पिशवी घेऊन बसली होती.

तिने गाडीकडे मान वर करून पाहिलं.

"छान उंच झालीय रे," ती म्हणाली. "वरून सगळं दिसत असेल."

निरीक्षकांना लाज वाटली. सरळ, साधी लाज. त्यांनी आईला धरून चढवायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आईच म्हणाली, "राहू दे, मी चपलेतून येते." मागे बायको छोटी गाडी घेऊन आलेलीच होती. उंच गाडीत मावशीची लोखंडी कॉट आणली. ती मात्र ऐसपैस बसली.

सोमवारी निरीक्षकांना मंडळाचा खुलासा मागणारा निरोप आला. गाडीला पुढचा रक्षक दांडा आणि दोरखंडाची चरखी बसलेली नसताना, म्हणजेच ती अपूर्ण असताना, त्यांनी डांबर सोडल्याचं निदर्शनास आलं होतं. निरीक्षकांनी खुलासा दिला नाही. त्यांना निलंबित करण्यात आलं. आता ते रविवारी घरी असतात आणि बैठकीतल्या भिंतीवरच्या दोन रेघांना रंग लावू देत नाहीत.

मंडळ मात्र वाढतं आहे. अलीकडेच त्याने एक उदार निर्णय घेतला आणि सभासदत्वासाठी गाडी असण्याची अट काढून टाकली. आता एवढंच पुरतं की कुणीतरी तुमची वाट बघत असावं आणि तुम्ही "सगळं जरा मार्गी लागलं की येतोच" असं त्यांना कळवलेलं असावं. अर्ज मागवले असते तर छाननीला माणसं पुरली नसती, म्हणून मंडळाने सगळ्यांना परस्परच सभासद करून घेतलं आहे. तुमचंही नाव त्यात आहे, काळजी नसावी. रविवारी सकाळी या. दगड मंडळाचा आहे, हाताची घडी तेवढी तुमची तुम्हाला घालायची आहे.