ने-देचा घोळ आणि आजीसाहेबांच्या सिंहासनाची सुटका

सकल जाणत्या वाचकांस दंडवत घालून हकीकत लिहिली जाते ऐसीजे: महामारीचे दुसरे वर्षी, जेव्हा गनीम डोळ्यांस दिसत नव्हता आणि साधी शिंक आली तरी माणसे चोरासारखी इकडेतिकडे पाहात होती, तेव्हा आजीसाहेबांनी तिसरा मजला नामे गड सोडून तळमजला नामे ठाणे घेतले. त्या मोहिमेचे वर्तमान, कोणाची भीड न धरता, मामासाहेबांची तर मुळीच न धरता, येणेप्रमाणे.

आजीसाहेब टेलिफोन कचेरीतल्या जुन्या ऑपरेटर. एके काळी साऱ्या शहराचे बोलणे त्यांचे हातच्या वायरींतून जात असे, आणि त्यांचा खणखणीत "बोला" कानी पडताच भांडायला फोन केलेली माणसेही सरळ बसत. परंतु काळ फिरला. गुडघे फितूर जाहले, गडास लिफ्ट कधी नव्हतीच, आणि मग टाळेबंदीत दूध आणि औषधे दोरीस बांधलेल्या पिशवीतून वर चढू लागली. त्यात एके दिवशी आजीसाहेब माळ्यावरचा डबा काढावयास सिंहासनावर चढल्या आणि डब्यासह खाली आल्या. हाडे शाबूत राहिली, दंड मात्र काळानिळा जाहला आणि पुत्र मामासाहेब यांचा धीर खचला.

सिंहासन म्हणजे कचेरीतली उंच पायांची लाकडी खुर्ची, निवृत्तीचे दिवशी वरिष्ठांनी बहाल केलेली. बसले की ती "कुईं" म्हणे. रोज सायंकाळी आजीसाहेब तीवर पाय अधांतरी सोडून बसत आणि खिडकीतून रस्त्याचा कारभार पाहात. सबब, मामासाहेबांनी लहान घराची तजवीज केली तेव्हा आजीसाहेबांनी तहात एकच कलम घातले: "खुर्ची जिथे, तिथे मी. नाहीतर मी आपली इथेच बरी."

मग मोहिमेची सूत्रे नात हिने घेतली. वर्ग दहावी, घरचे नाव रेडिओ, कारण एकदा चालू झाली की बंद करण्याचे बटण कोणास सापडत नसे. तिने मसलत केली की टेम्पो दोन असावेत, एक नव्या घरी जाणारा, दुसरा जुन्या सामानाच्या दुकानी. आणि आजीसाहेबांनी दोन मास्क लावून, वर काचेचे चिलखत घालून, दूर खिडकीशी उभे राहावे. आणि प्रत्येक वस्तूस एकाच अक्षराचे फर्मान सोडावे, "ने" अथवा "दे". आणि रेडिओने दारातून ते हमालांस मोठ्याने पुकारावे. ने म्हणजे नव्या घरी, दे म्हणजे दुकानी. मसलत ऐसी सुबक की रेडिओ स्वतःवरच खूष जाहली.

परंतु "ने"चा न आणि "दे"चा द हे दोघेही मास्कांत अडकून धारातीर्थी पडले आणि बाहेर आला तो नुसता "ए". आता पुन्हा विचारावे तर सरदारकीस उणेपणा येतो. म्हणोन रेडिओने भुवया वाचण्यास आरंभ केला: वर गेल्या तर ने, खाली आल्या तर दे. सिंहासन उचलले तेव्हा आजीसाहेबांस भरून आले आणि भुवया खाली आल्या. "दे!" रेडिओ गरजली. आणि मामासाहेबांची गंजकी व्यायामाची सायकल पुढे आली तेव्हा ती अद्याप घरात आहे याचेच नवल वाटून आजीसाहेबांच्या भुवया कपाळी गेल्या. "ने!" रेडिओ गरजली.

मग आजीसाहेबांची स्वारी, गाडीच्या काचा खाली करून, नव्या ठाण्याशी दाखल जाहली. दार उघडले. खोलीच्या मधोमध सायकल ऐटीत उभी.

"माझी खुर्ची कुठाय?"

"अगं, तूच 'दे' म्हणालीस!"

"मी 'ने' म्हणाले, भवाने! 'ने'!"

ऐसे म्हणोन आजीसाहेबांनी दाराबाहेर गादीची वळकटी मांडविली, तीवर बैठक मारिली, आणि फर्मान काढिले की खुर्ची येईतो उंबरठा ओलांडणार नाही. आणि येत नसेल तर आल्या पावली परत गड चढू, गुडघे गेले खड्ड्यात.

रेडिओ आणि मामासाहेब दौडत निघाले. वाटेत मामासाहेब हळूच बोलिले, "झालं ते बरंच झालं गं. परत चढेल ती खुर्चीवर. विकली गेली म्हणून सांगू." तेव्हा रेडिओ आयुष्यात प्रथमच बंद पडली. कारण खोटे बोलवेना, आणि दंडावरचा तो काळानिळा डागही डोळ्यांपुढून हलेना.

दुकानदार मूळचा सुतार. त्याचा शिरस्ता ऐसा की आलेले सामान दोन दिवस अंगणात ताडपत्रीखाली ठेवावे, तोवर कोणी हात लावू नये. महामारीच्या ज्या नियमांस रेडिओने सकाळपासून नावे ठेविली होती, त्यांनीच सिंहासन राखिले होते! सॅनिटायझरचा मारा करोन ती तीवर बसली. कुईं. आणि पाहते तो आपलेही पाय अधांतरी. मग तिचे डोके चालले. तिने सुतारकाकांस काही पुसले आणि फोन लाविला.

"बोला," आजीसाहेब म्हणाल्या. दूर वळकटीवर एकट्या, मास्क उतरवून. आवाज ऐसा स्वच्छ की तिघेही सरळ उभे राहिले. आणि साऱ्या शहरास फोन जोडून देणारीच्या घरात फोन करावा हे दिवसभर कोणासही सुचले नाही, हीही नोंद नाइलाजाने करणे प्राप्त आहे.

"आजी, खुर्ची सापडली. पण मामाला भीती वाटते. मलाही. काका म्हणताहेत, पाय कापून बुटकी करता येईल. चढावंसं वाटलं तरी माळा हाताला लागायचा नाही."

पलीकडून एकच शब्द आला.

"आजी, नीट सांग हं. काप की जप?"

"काप गं बाई, काप!" आजीसाहेब हसू लागल्या. "पण ती कुईं काढायला लावलीस तर बघ."

मग करवत चालली, आणि मामासाहेबांनी स्वतः, कोणी न सांगता, खुर्ची आडवी धरिली.

दिवस मावळण्याआधी सिंहासन तळमजल्याच्या खिडकीशी रुजू जाहले. आजीसाहेब उंबरठा ओलांडून आत आल्या आणि बसल्या. कुईं. मग खाली पाहिले.

"अगं बाई! टेकले की!"

इतकी वर्षे अधांतरी राज्य केलेले पाय प्रथमच जमिनीस लागले होते. अंगणात उभ्या मामासाहेबांनी फोनवरून अदबीने पुसले की सायकलीचे काय करावे. उत्तर आले, "दे."

येणेप्रमाणे गड सोडिला, ठाणे घेतले, गनिमास हूल दिली, आणि सिंहासन चार बोटे कमी जाहले परी मान तसूभर कमी जाहला नाही. खिडकीबाहेरून मास्कवाला शेजारी चालला होता, तो आत पाहून थबकला. आजीसाहेबांनी मास्क सारखा केला, पाय जमिनीवर घट्ट रोविले आणि म्हणाल्या, "बोला."

शेजाऱ्यास नीट ऐकू आले. मोहीम फत्ते.